लष्करी सुट्या भागांतून माऊजर जुळवतोय, बोल्ट बंद होत नाही: काय करू?

सह्याद्री_ते_पोकोनो

नमस्कार मंडळी,

मी पेनसिल्व्हेनियात, पोकोनो डोंगरांच्या कडेला राहतो. शिकारीची गोडी शेजाऱ्यांनी लावली. हंटर सेफ्टीचा कोर्स झालाय, लायसन्स आहे, ग्रीन कार्डही आहे. आतापर्यंत त्यांचीच रायफल उसनी घेऊन हरणांच्या सीझनला जातोय. आता स्वतःची हवी.

दुकानात चारशे-पाचशे डॉलरांत स्कोपसकट नवी कोरी रायफल मिळते, हे ठाऊक आहे आणि तिच्यात काही वाईट नाही. पण प्लॅस्टिकच्या दस्त्यावर माझं मन बसत नाही. शेजाऱ्यांची रायफल जुन्या लष्करी माऊजरवर, म्हणजे जर्मन नमुन्याच्या रायफलीवर, १९५० च्या दशकात कुणीतरी घडवलेली आहे. अक्रोडाचा सडपातळ दस्ता, मूठ खाली वाकवलेला बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा), आणि तो बोल्ट एका बोटाने सरकतो. मला तशी हवी आहे. खिसा बेताचा असल्यामुळे सुटे भाग जमवत गेलो.

रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो पोलादी सांगाडा, रिकामा मिळाला, गावातल्या परवानाधारक डीलरकडून, रीतसर फॉर्म भरून आणि तपासणी होऊन. वरच्या कड्यावर मशाली पेटल्यासारखं चिन्ह आहे, त्याखाली पट्टीवर तारखेसारखं काहीतरी बारीक. डाव्या अंगाला एम. २४/४७ असं कोरलंय. बोल्ट गन शोमध्ये घेतला. त्यावर गरुडाचे बारीक जर्मन शिक्के आहेत आणि बोल्टच्याच वेगवेगळ्या तुकड्यांवर वेगवेगळे नंबर. नळी युगोस्लाव्ह एम-४८ ची, ८ मिलिमीटर, न वापरलेली, अजून ग्रीसमध्ये लडबडलेली. दस्ता अक्रोडाचा, जुना पण सुंदर. विकणाऱ्याने 'लार्ज रिंग माऊजर ९८ साठी' एवढंच सांगितलं होतं.

नळी अजून चढवलेली नाही. नुसत्या रिसीव्हरमध्ये बोल्ट घालून बघितला, तर मूठ तिच्या खाचेच्या साधारण पाव इंच मागेच अडते, खाली पडतच नाही. रेंजवर एकजण म्हणाला, "लष्करी भाग असेच असतात, थोडं घासून घे, बसेल." घासावं का? दुसरं म्हणजे, ८ मिलिमीटरची काडतुसं इथे प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, तर थर्टी-ओ-सिक्सची, म्हणजे इथे सर्रास मिळणाऱ्या काडतुसाची, नळी लावून घेऊ का? आणि यातलं घरी किती करता येतं, गनस्मिथकडे किती द्यावं लागतं?

टूलरूमवाले

आधी हातातली कानस खाली ठेवा. एक कणही घासू नका, आणि रेंजवरच्या त्या गृहस्थांचा सल्ला या कामात पुन्हा घेऊ नका.

मी टूलरूमचा माणूस. भोसरीत डाय-मेकिंग शिकलो, ओहायोत तेच करतो, आणि उरलेला वेळ जुन्या माऊजरांत घालवतो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही नळी चढवण्याआधी विचारलंत.

तुमच्या रिसीव्हरवरचं मशालींचं चिन्ह युगोस्लाव्हियाचं आहे. पट्टीवरची तारीख २९ नोव्हेंबर १९४३. भिंगाखाली धरा, दिसेल. एम. २४/४७ म्हणजे १९२४ च्या नमुन्याची रायफल, महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाने पुन्हा दुरुस्त करून वापरात आणलेली. माल चांगला असतो. फक्त ती पूर्ण लांबीची माऊजर ९८ नाही. के-९८, म्हणजे जर्मन सैन्याच्या माऊजर ९८ च्या रिसीव्हरची लांबी पावणेनऊ इंच, तुमच्याची साडेआठ. तुमच्या खाचेतला तो पाव इंच नेमका हाच आहे. बोल्ट जर्मन, पूर्ण लांबीचा. रिसीव्हर मधल्या लांबीचा. बोल्टचे पुढचे दोन लग, म्हणजे त्याला कुलपासारखे अडकवणारे खुंट, आतल्या कड्याला जाऊन टेकतात तेव्हा मूठ अजून मागेच असते. घासून ती बसवायची तर लग कापावे लागतील. म्हणजे तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होणारा स्फोट ज्याने रोखायचा, तेच पोलाद तुम्ही काढून टाकणार.

गोंधळ व्हायला कारणही आहे. युगोस्लाव्हियाने युद्धानंतर हाती आलेल्या जर्मन के-९८ सुद्धा दुरुस्त केल्या आणि एम-९८/४८ म्हणून ठेवल्या; त्या पूर्ण लांबीच्या. त्यांच्या स्वतःच्या एम-४८ मधल्या लांबीच्या. दोन्हींवर तेच चिन्ह असू शकतं. गन शोमधल्या टेबलावर दोन्हींचे बोल्ट एकाच खोक्यात पडलेले असतात आणि विकणारा दोघांनाही 'माऊजर ९८' म्हणतो. त्याचं खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

आता चांगली बातमी. गरुडाचे शिक्के असलेला जर्मन बोल्ट मूळ के-९८ पुन्हा उभी करणाऱ्या संग्राहकांना हवाच असतो. नंबर जुळत नसले तरी त्याला गिऱ्हाईक आहे. तो विका आणि एम-४८ किंवा एम. २४/४७ चा बोल्ट घ्या. एम-४८ च्या बोल्टची मूठ मुळातच खाली वाकलेली असते, म्हणजे कापून वेल्ड करण्याचा खर्चही वाचला. ती मूठ स्कोपला थोडी अडू शकते, पण ते पुढचं पुढे. बोल्टला वेल्डिंग करून घ्यायचंच झालं, तर उष्णता पुढच्या लगांपर्यंत आणि मागच्या कॅमच्या उतारापर्यंत पोचू न देणारा माणूस गाठा. त्या पृष्ठभागांचं हार्डनिंग गेलं की बोल्ट दिसायला तसाच राहतो आणि आतून मऊ होतो.

थर्टी-ओ-सिक्सचा विचार या रिसीव्हरवर सोडून द्या. ते काडतूस लांब आहे आणि तुमचं मॅगझिन मुळात ७ आणि ८ मिलिमीटर माऊजरच्या लांबीचं. उघडून-कापून मावेल असं करणारे लोक आहेत, पण त्यासाठी फीड रॅम्पजवळचं (काडतूस नळीत चढवणाऱ्या उताराजवळचं), म्हणजे खालच्या लगाला आधार देणारं पोलाद कमी होतं. तुमच्याकडे ८ मिलिमीटरची न वापरलेली नळी आहे, तीच लावा. काडतुसं मागवून घेता येतात.

मात्र ८ मिलिमीटरबद्दल एक गोष्ट माहीत हवी. १९०५ च्या आधी जर्मन नळीला गोळी ०.३१८ इंचाची लागायची, नंतर ०.३२३ ची झाली. जुन्या अरुंद नळीत नवी जाड गोळी कुणी उडवली तर दाब भयानक वाढतो. या भीतीपोटी अमेरिकन कारखाने हे काडतूस मुद्दाम मवाळ भरतात. इथली मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंडांची, युरोपातली त्याच काडतुसाची जवळपास ५६,५०० ची. तुमची नळी नव्या मापाची आहे, तरी नव्याने जुळवलेल्या जुन्या रायफलीत अमेरिकन मवाळ काडतूसच घाला. १७० ग्रेनची मऊ टोकाची गोळी शंभर यार्डांतल्या हरणाला पुरून उरते. सरप्लस म्हणून पेटीने मिळणारी जुनी युगोस्लाव्ह काडतुसं शिकारीला वापरू नका. त्यांची गोळी पूर्ण मढवलेली असते, ती आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. शिवाय त्यांच्या प्रायमरमधलं (तळाच्या पेटवणाऱ्या टोपीतलं) रसायन नळीत क्षार सोडतं. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. दिवस संपल्यावर गरम पाणी ओतून, पुसून, मग तेल. नुसतं तेल लावून ठेवलेली नळी काही दिवसांत गंजून लाल झालेली मी पाहिली आहे. ती दुसऱ्याची होती आणि बघवत नव्हती.

आता घरी काय आणि गनस्मिथकडे काय. माझं मत यात स्पष्ट आहे. रिसीव्हर, बोल्ट आणि नळी हे तीन तुकडे मिळून दाब सोसतात. बाकी सगळं त्यांना धरून ठेवण्यापुरतं. बाकीचं कुठूनही आणा, कितीही वेगळ्या नंबरांचं आणा, काटकसर तिथे करा. या तिघांत काटकसर नाही.

हेडस्पेस हा शब्द ऐकला असेल. बोल्ट बंद झाल्यावर त्याच्या तोंडापासून चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या घराच्या) खांद्यापर्यंतचं अंतर. काडतूस तेवढ्या जागेत बसायचं असतं. जागा कमी पडली तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झाली तर काडतुसाची पितळी केस मागे ताणली जाते, तळाजवळ फाटते आणि पेटलेला वायू मागे येतो. किती जास्त? थर्टी-ओ-सिक्सचं उदाहरण देतो, कारण त्याची मापं मला तोंडपाठ आहेत. 'गो' गेज (काडतुसाच्या जागी घालायचा मापाचा पोलादी तुकडा) १.९४० इंच, 'फील्ड' गेज १.९५०. गोवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, फील्डवर होता कामा नये. मधला फरक दहा थाऊ. टूलरूमबाहेरच्यांसाठी सांगतो, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि झेरॉक्सचा साधा कागद चार थाऊ जाड असतो. म्हणजे सारा खेळ अडीच कागदांचा. डोळ्याने, बोटाने, 'घट्ट वाटतंय' म्हणून हे कळत नाही. ८ मिलिमीटर माऊजरचे स्वतःचे गेज येतात, ते विकत घ्या, आणि तपासताना बोल्टमधली स्प्रिंग, फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर काढून ठेवा. मोकळा बोल्ट एका बोटाच्या हलक्या दाबाने खाली न्यायचा. जोर लावला की गेजही फसतो.

इंग्रजांनी यावर फार शहाणा उपाय काढला होता. ली-एनफील्ड नंबर ४ च्या बोल्टचं डोकं वेगळं काढता येतं आणि ते ०, १, २, ३ अशा चार मापांत यायचं. जागा वाढली की शिपायाच्या रायफलीला पुढच्या नंबरचं डोकं. माऊजरमध्ये ती सोय नाही. तिथे नळीच फिरवून, कापून, रीमरने चेंबर पुरा करून माप आणावं लागतं. त्यात माऊजर ९८ ची नळी बाहेरच्या खांद्यावर नाही, तर रिसीव्हरच्या आतल्या कड्यावर टेकून बसते. बाहेरून सगळं घट्ट दिसतं आणि आत फट राहिलेली असते. हे काम लेथ, बॅरल व्हाइस आणि अनुभव असलेल्या माणसाचं आहे. पैसे मोजा.

पण रिसीव्हर त्याच्याकडे नेण्याआधी एक तपासणी तुम्हीच करा. आतल्या कड्यामागे, जिथे लग टेकतात त्या दोन खोबण्यांमध्ये, टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घालून बघा. पोलादात लगांचा ठसा उमटलेला दिसला, खड्डा पडल्यासारखा, तर रिसीव्हर भिंतीवर टांगायला ठेवा. बोल्ट असताना हीच गोष्ट हाताला कळते: मूठ वर उचलताना अगदी सुरुवातीला ती अडते, खड्ड्यातून वर चढल्यासारखी. या रिसीव्हरचं पोलाद बाहेरून कडक आणि आतून चिवट असतं, कडक थर पातळ. ठसा उमटला म्हणजे तो थर दबला. लॅपिंग पेस्टने घासून तो खड्डा घालवायला गेलात तर उरलेला थरही जातो आणि मऊ पोलाद उघडं पडतं.

मॅगझिनचा खालचा भाग आणि ट्रिगर गार्ड कुठला घेतलाय ते लिहिलं नाहीत. तोही मधल्या लांबीचाच लागेल. आणि दस्त्याबद्दल वाईट वाटतंय, पण ज्या कारणाने बोल्ट बसत नाही त्याच कारणाने तोही बसणार नाही. पुढचा स्क्रू बसवलात की मागचा जवळपास पाव इंचाने चुकेल. मोजून बघा आणि कळवा.

स्प्रिंगफील्डकडे, म्हणजे अमेरिकन लष्करी रायफलीकडे वळायचा मोह झाला, तर १९०३ च्या मॉडेलमध्ये ८ लाखांच्या खालच्या सिरियल नंबरचा स्प्रिंगफील्ड आणि सुमारे २ लाख ८५ हजारांच्या खालच्या नंबरचा रॉक आयलंड कारखान्याचा रिसीव्हर घेऊ नका. भट्टीत पोलाद जास्त तापून ठिसूळ झालेले त्यांतले काही फुटले आहेत, आणि कुठला चांगला कुठला वाईट हे बाहेरून कळत नाही.

शेवटी एक विनंती. सगळे नंबर जुळणारी, अखंड लष्करी रायफल स्वस्तात मिळाली तरी तिच्यावर करवत चालवू नका. १९६८ च्या कायद्याने बंद होईपर्यंत इथे टपालाने रायफली घरी यायच्या, त्या काळात हजारो चांगल्या रायफलींचे दस्ते कापले गेले. तेव्हा त्या स्वस्त आणि मुबलक होत्या. आता नाहीत. तुम्ही विखुरलेले भाग एकत्र आणताय, म्हणून मी मनापासून मदत करतोय.

खाकी_शनिवार

टूलरूमवाले, वाचून आनंद झाला. मी नाशिकचा, शाळा-कॉलेजभर एनसीसी केली. थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफील्ड, खांद्यावर घेऊन उन्हात उभं राहिलेल्या प्रत्येकाला या धाग्यात रस वाटेल. आमच्या कवायतीच्या रायफलींवर डी.पी. असं ठोकलेलं असायचं, ड्रिल पर्पज. फक्त कवायतीसाठी, उडवण्यासाठी नाही. अमेरिकेत सरप्लसमध्ये डी.पी. शिक्क्याचे भाग विकायला येतात असं ऐकलंय. ते खरं असेल तर तिकडच्यांनी तो शिक्का बघूनच भाग घ्यावा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण असे धागे वाचून उत्साह येतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना बंदूक बनवणं, जुळवणं, बदलणं हा गंभीर गुन्हा आहे. सुटा बोल्ट किंवा नळीही 'नुसता भाग' म्हणून सुटत नाही. लष्करी कॅलिबर सामान्य माणसाला मिळत नाही. म्हणूनच ईशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी पॉइंट-थ्री-वन-फाइव्हची स्पोर्टिंग रायफल काढली. तिचा सांगाडा ली-एनफील्डचाच, काडतूस मात्र वेगळं, लष्करी गोळी तिच्यात चालू नये म्हणून. ज्यांना नेमबाजीच करायची आहे त्यांनी क्लब गाठावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. तिकडे जायची वाट क्लबातूनच आहे.

आणि परदेशी रेंजवर जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो: रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कधी एक करू नका. तळाशी राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या स्कॅनरमध्ये दिसलं की पोलीस, एफआयआर, वकील. 'विसरलो होतो' हे सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं. आमच्या नात्यातल्या एका मुलाची लग्नासाठीची अख्खी सुट्टी त्यात गेली.

उल्मकर

मी जर्मनीत उल्मला असतो, इथे सरकारी प्रूफ हाउस आहे. इकडे दाब सोसणारा भाग, म्हणजे नळी किंवा बोल्ट बदलला, की रायफल पुन्हा तपासणीला द्यावीच लागते. ते नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं त्यात उडवतात, मग मापं घेतात, आणि पास झाली तर शिक्का मारतात. शिक्क्याशिवाय ती विकताही येत नाही. मुळात शिकारीचा परवाना किंवा नेमबाजी संघटनेतलं सभासदत्व असल्याशिवाय रायफल घेताच येत नाही, आणि शिकारीची परीक्षा चांगलीच अवघड आहे. अमेरिकेत अशी सक्तीची तपासणी नाही ना? मग तिथे ही खात्री कोण देतं?

टूलरूमवाले

उल्मकर, इथे कुणीच देत नाही. कारखाने स्वतःच्या मालाची तपासणी करतात, पण घरी जुळवलेल्या रायफलीला कुठलंही सरकारी प्रूफ लागत नाही. ती जबाबदारी जुळवणाऱ्यावर आणि त्याच्या गनस्मिथवर येते. म्हणूनच मी गेज-गेज करत बसतो. तुमच्याकडची पद्धत मला आवडते.

खाकी, डी.पी. चं बरोबर ऐकलंत, इथे ते भाग फिरतात आणि काहीजण त्यांवर रंग मारून विकतात. बोल्ट आणि रिसीव्हरवरचा रंग खरवडून बघितल्याशिवाय ली-एनफील्ड घेऊ नये. ईशापूरच्या ७.६२ च्या २ए-१ रायफलीही इथे बऱ्याच आल्या आहेत. १९६२ च्या युद्धानंतर बनलेल्या, पोलाद जास्त मजबूत. चौकोनी मॅगझिनवरून लांबूनच ओळखू येतात. आपल्या देशात घडलेली वस्तू इथल्या रॅकवर दिसली की मी थांबून हातात घेतोच.

तुम्ही कायद्याचं काढलंत, तर इथल्या मराठी मुलांसाठी लिहून ठेवतो, कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. एच-वन-बी किंवा एफ-वन व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला मुख्य म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही. मित्राबरोबर रेंजवर जाऊन 'फक्त दोन गोळ्या' उडवणाराही यातच येतो. इमिग्रेशनचं प्रकरण चालू असताना असला धोका पत्करू नका. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे, ते आपापले वाचा. आणि कुणीही नळी कापून १६ इंचांच्या खाली नेऊ नये, तिथून वेगळा आणि फार कडक कायदा लागतो.

सह्याद्री_ते_पोकोनो

काका, खूप खूप आभार. भिंगाखाली तारीख दिसली, २९-११-१९४३, तुम्ही म्हणालात तशीच. खोबण्यांत आरसा घालून बघितलं: दोन्ही बाजू सपाट, ठसा नाही, मशीनिंगच्या बारीक रेघासुद्धा अजून दिसतात. जर्मन बोल्टला संग्राहकांच्या गटात गिऱ्हाईक मिळालं आणि त्या पैशांत एम-४८ चा बोल्ट येतोय, वर थोडे उरतायत. ट्रिगर गार्ड आणि मॅगझिन एम-४८ चंच आहे, त्यामुळे ते जुळेल.

दस्ता मोजला. मागचं भोक खरंच पाव इंचाला जरा कमी एवढं चुकतंय. पण लाकूड इतकं देखणं आहे की टाकवत नाही. बटाजवळ तपकिरीत काळ्या रेषांची लाट आहे. वाचवता येईल का? आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सीझन सुरू होतो, तोवर होईल का?

टूलरूमवाले

मशीनिंगच्या रेघा दिसतायत म्हणजे रिसीव्हर फारसा वापरलेला नाही. छान. हा तुम्हाला मिळालेला सगळ्यात मौल्यवान भाग आहे.

दस्ता वाचेल. आणि हे काम घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर करता येण्यासारखं आहे. मागच्या स्क्रूचं भोक अक्रोडाच्याच गोल खुंटीने आणि इपॉक्सीने बुजवा. खुंटीच्या लाकडाच्या रेषा दस्त्याच्या लाकडाच्या रेषांना आडव्या येऊ देऊ नका. पूर्ण वाळू द्या. मग पुढचा स्क्रू जागेवर ठेवून मागचं नवं भोक मधल्या लांबीप्रमाणे पाडा, ड्रिल प्रेसवरच, हातात ड्रिल धरून नाही. रिसीव्हरच्या शेपटीमागे पाव इंचाची फट उरेल. तिथे त्याच रंगाच्या अक्रोडाचा तुकडा नेमका कापून बसवा. नीट बसवला तर शिवण शोधावी लागते.

त्यानंतर रिसीव्हर लाकडात बसवणं, आणि इथे घाई करायची नाही. रिसीव्हरच्या पोटाला इन्लेटिंगचा काळा रंग अगदी पातळ लावायचा, दस्त्यात ठेवायचा, उचलायचा. लाकडावर जिथे काळा डाग उमटला तेवढंच पटाशीने, कागदाच्या जाडीएवढं काढायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा ठेवायचं. सुरुवातीला डाग दोन-चार ठिकाणीच दिसतात. हळूहळू ते पसरत जातात आणि शेवटी सगळ्या पोटाचा आकार लाकडावर एकसारखा काळा उठतो. तेव्हा रिसीव्हर लाकडात असा बसतो की उलटा धरला तरी क्षणभर पडत नाही. मग रिकॉइल लगच्या (रिसीव्हरच्या पोटावरच्या खुंटाच्या) मागे, जिथे धक्का बसतो, तिथे ग्लास बेडिंगचं इपॉक्सी भरा. रिसीव्हरला रिलीज एजंट दोनदा लावा, प्रत्येक भोकात, प्रत्येक खाचेत. ते राहिलं तर पोलाद आणि लाकूड कायमचं चिकटतं. नळी मात्र लाकडाला कुठेही लागू देऊ नका. डॉलरची नोट नळीखालून चेंबरपर्यंत सरकली पाहिजे, म्हणजे पावसाळी हवेत लाकूड फुगलं तरी नेम बदलणार नाही.

रंगकामाला वार्निश नको. उकळलेलं जवसाचं तेल, बोटाने, पातळ, चोळून चोळून, तळव्याला ऊब लागेपर्यंत. वाळू द्या, मग पुन्हा. त्या काळ्या रेषा तेल प्यायल्यावर कशा उजळतात ते तुम्हीच बघा. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

स्कोपचं सध्या मनात आणू नका. रिसीव्हरच्या वरच्या कडक थराला भोक पाडताना ड्रिल तुटतात, आणि लष्करी सेफ्टी उभी फिरते ती स्कोपला अडते, म्हणजे तीही बदलावी लागेल. यंदा मूळ साइटवरच शिका. पैसे उरले तर आधी ट्रिगर बदला. लष्करी दोन टप्प्यांचा ट्रिगर सुरक्षित असतो, पण त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

सीझनचं विचारलंत. या नोव्हेंबरला शेजाऱ्यांचीच रायफल न्या. गनस्मिथकडे सीझनच्या आधी नेहमीच रांग असते आणि त्याला घाई करायला लावणं हा या कामातला सगळ्यात महागडा प्रकार आहे. त्याच्याकडे जाताना गेज, बोल्ट, रिसीव्हर, नळी, चारही एकत्र न्या. सरळ विचारा: नळी आतल्या कड्यावर बसवता का, दोन्ही लग टेकतात का ते निळा रंग लावून दाखवाल का, आणि पहिल्या गोळ्या तुम्हीच दुरून दोरीने उडवून रिकाम्या केस माझ्या हातात द्याल का? या तिन्ही प्रश्नांनी जो वैतागेल त्याच्याकडे काम देऊ नका. त्या रिकाम्या केस सांभाळून ठेवा. तळाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसलं, तर एक सरळ केलेली पेपरक्लिप टोकाला वाकवून आतून फिरवा. कड्याच्या जागी खाच लागली तर हेडस्पेस पुन्हा तपासायला सांगा.

एम-४८ चा बोल्ट हाती आला की दोन्ही लगांचे मागच्या अंगाने फोटो इथे टाका. एक तसाच, एक निळा लावून रिसीव्हरमध्ये फिरवल्यानंतर. डाव्या लगात इजेक्टरसाठी चीर असते, ती बघून गोंधळू नका.